ब्लू-रे प्लेअरच्या खोक्यावरची चिन्हं

ब्लू-रे ही डीव्हीडीनंतरची, जास्त माहिती मावणारी डिस्क. ती वाजवणाऱ्या प्लेअरच्या खोक्यावर दहा-बारा चिन्हं दाटीवाटीने छापलेली असतात. डॉल्बी, डीटीएस, ४के, एचडीआर, थ्रीडी, बीडी-लाइव्ह, वाय-फाय. दुकानदार त्यातली दोन-तीन मोठ्याने वाचतो, बाकीची आपण ‘असू दे’ म्हणून सोडून देतो. घरी आणून टीव्हीला जोडला की चित्र दिसतं, आवाज येतो आणि काम झालं असं वाटतं. पण डिस्कवर जे आहे ते सगळं पडद्यावर आणि स्पीकरमध्ये उतरलंच असं नसतं. मधली वायर, टीव्हीच्या मेन्यूत बंद राहिलेला एखादा पर्याय किंवा प्लेअरमधलंच एक चुकीचं सेटिंग, यांत बरंच काही गळून जातं, आणि काही बिघडल्याची खूणही कुठे दिसत नाही. ही गळती कुठे होते ते समजायचं तर सुरुवात डिस्कपासूनच करावी लागते.

नावाने निळा, रंगाने जांभळा

ब्लू-रेचा लेझर खरं तर जांभळा असतो, ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. डीव्हीडीचा लाल, ६५० नॅनोमीटरचा. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा, जो डोळ्याला जवळपास दिसतच नाही. तरंगलांबी जितकी आखूड तितका प्रकाशाचा ठिपका बारीक, आणि ठिपका बारीक असला की माहितीच्या ओळी एकमेकींना खेटून मांडता येतात. दोन ओळींमधलं अंतर सीडीवर १.६ मायक्रॉन, डीव्हीडीवर ०.७४, ब्लू-रेवर ०.३२. हातात घेतल्या तर तिन्ही डिस्क सारख्याच, १२ सेंटिमीटर व्यासाच्या आणि १.२ मिलिमीटर जाड. पण ब्लू-रेच्या एका थरावरची ती गोलगोल फिरत जाणारी ओळ उलगडून सरळ केली तर सुमारे २७ किलोमीटर भरेल. दोन थरांची मिळून ५४, म्हणजे सीएसएमटीहून निघून कल्याण गाठलं.

आता एक बारकावा, ज्यावर डिस्क कशी जपायची ते सगळं अवलंबून आहे. डीव्हीडीत माहितीचा थर जाडीच्या बरोबर मधोमध, ०.६ मिलिमीटर आत असतो. ब्लू-रेत तो वाचण्याच्या बाजूपासून जेमतेम ०.१ मिलिमीटरवर आहे. इतका वर आणण्याचं कारण म्हणजे भिंग. ठिपका आणखी बारीक करण्यासाठी ब्लू-रेचं भिंग फार रुंद कोनातून प्रकाश एकवटतं, आणि अशा भिंगाखाली डिस्क किंचित वाकडी असली तरी ठिपका पसरतो. वर जाड प्लास्टिक असेल तर हा पसारा वाढतो, पातळ असेल तर आवाक्यात राहतो. पण मग संरक्षणाला वर फारसं काही उरत नाही, म्हणून या डिस्कवर एक कडक लेप दिलेला असतो. रोजच्या वापरातले बारीक ओरखडे हा लेप डीव्हीडीपेक्षा कितीतरी चांगले सोसतो. मात्र लेप फोडून गेलेला खोल ओरखडा कायमचाच.

म्हणून डीव्हीडीवर चालणारे टूथपेस्टचे आणि पॉलिशचे प्रयोग ब्लू-रेवर करू नका. डीव्हीडी घासल्यावर वरचं प्लास्टिक थोडं उडतं आणि खाली अजून भरपूर शिल्लक असतं. इथे घासलात तर आधी लेप जाईल, मग डिस्क.

बोटांचे ठसे मात्र ब्लू-रेला डीव्हीडीहून जास्त जाचतात, आणि ते कुठे जाचतात हे ओळखता येतं. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. दोन थरांच्या डिस्कमध्ये पहिला थर मध्याकडून कडेपर्यंत वाचून झाला की लेझर दुसऱ्या थरावर जातो आणि कडेपासून परत आत येतो. म्हणजे सिनेमा साधारण अर्ध्यावर आलेला असताना लेझर डिस्कच्या सर्वांत बाहेरच्या भागात असतो, आणि डिस्क उचलताना आपली बोटं लागतात तीही तिथेच. मध्यंतराच्या सुमाराला चित्र अडखळतं, चौकोन-चौकोन दिसतात, आणि थोडं पुढे नेल्यावर सगळं सुरळीत होतं, अशी तक्रार असेल तर प्लेअर दुरुस्तीला टाकायची घाई करू नका. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, चष्मा पुसायचं मऊ फडकं. मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल नाही. गोल पुसताना ओरखडा उठला तर तो माहितीच्या ओळीच्या दिशेने जातो आणि सलग मोठा तुकडा खराब करतो. आडवा ओरखडा प्रत्येक ओळीला थोडासाच छेदतो, तेवढी तूट प्लेअर गणित करून भरून काढू शकतो.

‘४के अपस्केलिंग’ म्हणजे ४के नव्हे

खरेदीत सर्वाधिक फसगत होते ती इथे. साध्या ब्लू-रे प्लेअरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘४के अपस्केलिंग’ लिहिलेलं असतं आणि माणूस समजतो की हा ४के डिस्क वाजवणार. तो वाजवत नाही. अपस्केलिंग म्हणजे १०८० ओळींचं चित्र ताणून २१६० ओळींचं करणं, आणि हे काम घरातला ४के टीव्ही स्वतःहून करतोच. काही वेळा प्लेअरपेक्षा बरं करतो. ४के डिस्क हवी असेल तर खोक्यावर ‘अल्ट्रा एचडी ब्लू-रे’ हेच चिन्ह पाहिजे. डिस्कच्या केसवरूनही ओळखता येतं: साध्या ब्लू-रेची केस निळी, अल्ट्रा एचडीची काळी.

फरक फक्त आकड्याचा नाही. पाल पद्धतीच्या (भारतात चालणाऱ्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीच्या एका चित्रात ७२०×५७६ म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदू असतात. ब्लू-रेत १९२०×१०८०, जवळजवळ २१ लाख. अल्ट्रा एचडीत ३८४०×२१६०, सुमारे ८३ लाख. दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात, ब्लू-रेत एका थराला २५ आणि दोन थरांना ५०. अल्ट्रा एचडी डिस्क ५०, ६६ किंवा १०० जीबीच्या असतात. ६६ मध्ये दोन थर आणि १०० मध्ये तीन, तेही जास्त दाटीने लिहिलेले, आणि साध्या प्लेअरचा लेझर ते वाचायला बनवलेलाच नसतो. शिवाय चित्र दाबून बसवण्याची रीतही वेगळी. साधी ब्लू-रे एमपेग-२, व्हीसी-१ किंवा एच.२६४ वापरते, अल्ट्रा एचडी एचईव्हीसी. ती उलगडणारी चिप आत नसेल तर फर्मवेअर, म्हणजे प्लेअरचं आतलं सॉफ्टवेअर, कितीही अपडेट करा, काही होत नाही.

दाबून बसवणं हा प्रकार किती मोठा आहे बघा. १०८० चं चित्र, सेकंदाला २४ फ्रेम, काहीही न दाबता साठवायचं तर सेकंदाला सुमारे ६०० मेगाबिट लागतील. ब्लू-रेत चित्रासाठी मर्यादा आहे ४० मेगाबिट. म्हणजे अगदी उत्तम डिस्कवरही पंधरात चौदा भाग गाळलेले असतात, फक्त डोळ्याला सापडणार नाहीत अशा बेताने. डीव्हीडीत ही मर्यादा ९.८ मेगाबिटची, तर १०० जीबीच्या अल्ट्रा एचडी डिस्कवरून चित्र-आवाज मिळून सेकंदाला १२८ मेगाबिटपर्यंत माहिती येते. ओटीटीवर ‘४के’ लावलेला सिनेमा याच्या बऱ्याच खाली चालतो. पाऊस, धूर, उडणारी धूळ, गर्दी अशी दृश्यं आली की दोन्हींतला फरक कुणी न सांगता दिसतो.

चोवीस फ्रेमचा हिशेब

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने घेतलेला असतो आणि ब्लू-रेवर तो तसाच ठेवता येतो. टीव्हीला ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांचा, सिग्नल दिला तर २४ ला ६० मध्ये बसवायला एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा अशी दाखवावी लागते. कॅमेरा संथपणे डावीकडून उजवीकडे फिरत असेल तेव्हा यातला हिसका जाणवतो. प्लेअरच्या मेन्यूत ‘२४पी आउटपुट’ असा पर्याय असतो, तो ‘ऑटो’ किंवा ‘ऑन’ ठेवा. डीव्हीडीसाठी काही प्लेअरमध्ये हाच पर्याय वेगळा दिलेला असतो, तो बंदच बरा. पाल डीव्हीडीत सिनेमा २५ फ्रेमने पळवलेला असतो (म्हणून तोच सिनेमा डीव्हीडीवर चार टक्के लवकर संपतो), तिथे २४ चा आग्रह धरून फायदा नाही.

एचडीआर: तीन ठिकाणी होकार हवा

साध्या ब्लू-रेत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, अल्ट्रा एचडीत १०२४. मावळतीचं आकाश किंवा धुक्यात विरणारा दिवा दाखवताना कमी पायऱ्या असल्या की रंगाचे पट्टे दिसतात. पायऱ्या वाढल्या की ते विरून जातात. त्याच्या जोडीला एचडीआर, म्हणजे उजेडाची मोठी झेप. एचडीआर१० हा प्रकार प्रत्येक अल्ट्रा एचडी प्लेअरला आलाच पाहिजे. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ ऐच्छिक आहेत, आणि त्यांच्यासाठी डिस्क, प्लेअर आणि टीव्ही या तिघांचाही होकार लागतो. एकाने नाही म्हटलं की सगळे मुकाट एचडीआर१० वर येतात.

गळतीची मोठी जागा टीव्हीत आहे. बऱ्याच टीव्हींचं एचडीएमआय पोर्ट सुरुवातीला कमी क्षमतेवर लावून दिलेलं असतं. ते उघडायचा पर्याय प्रत्येक कंपनीने वेगळ्या नावाने लपवला आहे: सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’, सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ खाली ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. ज्या पोर्टला प्लेअर जोडलाय त्याच पोर्टसाठी तो चालू करावा लागतो. हे न करता वर्षानुवर्षं प्लेअर वापरणारी घरं कमी नसावीत. तपासणं सोपं आहे. एचडीआर डिस्क सुरू झाली की टीव्हीच्या कोपऱ्यात क्षणभर ‘एचडीआर’ किंवा ‘डॉल्बी व्हिजन’ अशी पट्टी येते. ती आली नाही तर आधी हा पर्याय बघा.

मग वायर. ४के एचडीआरला १८ गिगाबिटची, ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणित एचडीएमआय केबल धरून चाला. सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल चित्र जास्त सुंदर करत नाही. डिजिटल सिग्नल एक तर पूर्ण पोचतो किंवा तुटतो. तुटायला लागला की पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, किंवा दोन-तीन सेकंद काळोख होऊन चित्र परत येतं. भिंतीतून फिरवलेल्या दहा मीटरच्या केबलवर हे हटकून होतं. दोन-तीन मीटरची साधी प्रमाणित केबल लावून बघा, दोष तिथेच निघेल.

तरीही ४के येत नसेल तर एचडीसीपी. चोरी रोखण्यासाठी प्लेअर आणि टीव्ही एकमेकांची ओळख पटवतात, त्या व्यवहाराचं हे नाव. अल्ट्रा एचडीला आवृत्ती २.२ लागते, आणि साखळीत मध्ये जुना रिसीव्हर (स्पीकरना आवाज वाटून देणारा अँप्लिफायर) किंवा स्विच असला की ओळख पटत नाही. प्लेअर मग चित्र १०८० वर उतरवतो किंवा सरळ संदेश दाखवून थांबतो. पडदा काळा राहून नुसता आवाज येत असेल तर दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, मिनिटभर थांबा, आधी टीव्ही आणि मग प्लेअर चालू करा. अर्ध्याअधिक वेळा एवढंच पुरतं.

आवाज

चित्राकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्यामुळे जास्त नासाडी आवाजाची होते.

ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असे दोन प्रकार येतात, ज्यांत काहीही गाळलेलं नसतं. स्टुडिओत जो आवाज पक्का झाला तो बिट न् बिट तुमच्याकडे येतो. डॉल्बी अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही येणारा आवाज) डिस्कवर असेल तर तो बहुधा ट्रूएचडीच्या पोटातच असतो. हे सगळं बाहेर काढायची वाट एकच, एचडीएमआय. मागची ऑप्टिकल वायर हे वाहून नेऊ शकत नाही. तिच्यातून साधा डॉल्बी डिजिटल किंवा साधा डीटीएस जातो, आणि साउंडबार तेवढ्यावर ‘डॉल्बी’ अक्षरं दाखवतो म्हणून आपणही खूश.

दोन सेटिंग नीट लावली की निम्मं काम होतं. पहिलं, ‘डिजिटल ऑडिओ आउटपुट’. रिसीव्हर किंवा अ‍ॅटमॉसचा साउंडबार असेल तर ‘बिटस्ट्रीम’ ठेवा, म्हणजे प्लेअर आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे देतो. नुसता टीव्ही असेल तर ‘पीसीएम’, म्हणजे प्लेअर आवाज स्वतः उलगडून देतो. दुसरं सेटिंग अडगळीत पडलेलं असतं आणि तेच घात करतं. ‘बीडी ऑडिओ मिक्स’ किंवा ‘सेकंडरी ऑडिओ’. दिग्दर्शकाच्या टिप्पणीची छोटी चौकट चालू असताना तिचा आवाज आणि मेन्यूतल्या बटणांची टिकटिक मूळ आवाजात मिसळायची सोय म्हणजे हे सेटिंग. पण मिसळायचं तर मूळ आवाज उलगडून पुन्हा बांधावा लागतो, आणि बांधताना प्लेअर तो साध्या डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये बांधतो. अ‍ॅटमॉस तिथेच गेला. काही प्लेअरमध्ये हे मुळातच चालू असतं. ते बंद करा. रिसीव्हरवर ‘डॉल्बी डी’ ऐवजी ‘ट्रूएचडी’ किंवा ‘अ‍ॅटमॉस’ दिसू लागेल.

जोडणी कशी करायची? प्लेअर, मग रिसीव्हर किंवा साउंडबार, मग टीव्ही हा सरळ क्रम उत्तम. प्लेअर थेट टीव्हीला जोडून आवाज ‘एआरसी’ पोर्टातून साउंडबारला परत आणायचा तर पोर्टवर ‘ईएआरसी’ असं लिहिलेलं हवं, दोन्हीकडे. साध्या एआरसीतून ट्रूएचडी जात नाही. आणि अलीकडच्या काही टीव्हींनी डीटीएस सोडूनच दिला आहे, त्यामुळे डॉल्बीची डिस्क छान वाजते आणि डीटीएसची लावली की शांतता. प्लेअर बिघडला नाही. डीटीएससाठी आउटपुट ‘पीसीएम’ करा. रिसीव्हर जुना आणि टीव्ही ४के असेल तर मागे दोन एचडीएमआय असलेला प्लेअर शोधा. एक टीव्हीला चित्रासाठी, दुसरं नुसत्या आवाजासाठी रिसीव्हरला. जुना रिसीव्हर टाकून द्यावा लागत नाही.

फ्लॅटमध्ये रात्री बघताना संवाद ऐकू येत नाहीत आणि स्फोट झाला की शेजारी जागे होतात, हे गाऱ्हाणं सार्वत्रिक आहे. ‘ऑडिओ डीआरसी’ किंवा ‘नाइट मोड’ चालू केला की मोठे आवाज दबतात आणि कुजबूज वर येते. दिवसा आठवणीने बंद करा.

जे लिहिलंय पण फारसं उपयोगाचं नाही

बीडी-लाइव्ह. डिस्क इंटरनेटवरून जादा मजकूर आणेल अशी ही कल्पना, त्यासाठी किमान १ जीबी साठवण लागते म्हणून काही प्लेअरच्या मागे पेनड्राइव्ह लावायला सांगतात. आता त्यातून मिळतं काय, तर फार तर जुनी जाहिरात. बंद ठेवा, डिस्क लवकर सुरू होईल. थ्रीडीचं चिन्ह असलं तरी २०१७ नंतर मोठ्या कंपन्यांनी थ्रीडी टीव्ही बनवणंच थांबवलं. वाय-फाय आणि आतली अ‍ॅप्स टीव्हीत आधीच असतात.

डिस्क सुरू व्हायला इतका वेळ का लागतो, असं अनेकांना वाटतं. बऱ्याच डिस्कचा मेन्यू हा जावा भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम असतो आणि प्लेअरचा लहानसा प्रोसेसर तो आधी चढवतो. याच कारणाने, डीव्हीडीत बंद केलं तिथून पुढे चालू व्हायचं तसं अशा ब्लू-रेत होत नाही. ही सोय डिस्क बनवणाऱ्याने प्रोग्रॅममध्ये ठेवली असेल तरच मिळते. डिस्क काढण्याआधी चॅप्टरचा नंबर बघून ठेवणं हा साधा उपाय.

फर्मवेअर मात्र टाळू नका. डिस्कवरचा मजकूर एएसीएस नावाच्या कुलपात असतो, आणि ही कुलपं वेळोवेळी बदलतात. नवी डिस्क जुन्या प्लेअरमध्ये ‘वाचता येत नाही’ म्हणून परत येते तेव्हा बऱ्याचदा डिस्क धडधाकट असते, प्लेअरकडे नवी किल्ली नसते. नेट जोडून अपडेट होतं. पेनड्राइव्हने करायचं असेल तर तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा, कंपनीच्या पानावरची झिप उलगडा आणि फाइल किंवा फोल्डरचं नाव अक्षरभरही न बदलता टाका. प्लेअरमध्ये डिस्क नको. अपडेट चालू असताना लाइट गेली तर प्लेअर कायमचा आडवा होऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला लावून करा.

भारतातली डिस्क, अमेरिकेतला प्लेअर

ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेत. अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया ए मध्ये. युरोप, आखात, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया बी मध्ये. भारत, चीन आणि रशिया सी मध्ये. डीव्हीडीची विभागणी निराळी, तिथे भारत पाचव्यात. न्यू जर्सीतल्या भावाने पाठवलेली डिस्क ठाण्यातल्या प्लेअरमध्ये चालेलच असं नाही, म्हणून केसच्या मागचा गोल किंवा षटकोनी शिक्का बघा. ए, बी, सी तिन्ही अक्षरं असतील तर प्रश्न मिटला. अल्ट्रा एचडीला विभागच नाहीत, जगात कुठूनही मागवा. मात्र त्याच खोक्यात जोडीला येणारी साधी ब्लू-रे विभागाने बांधलेली असू शकते.

परदेशी राहणाऱ्यांची खरी अडचण दुसरीच असते. भारतातल्या लग्नाच्या आणि नाटकांच्या डीव्हीडी बहुतेक पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ फ्रेमच्या. अमेरिकेत विकले जाणारे कित्येक प्लेअर पाल वाचायलाच नकार देतात. डिस्कवर कुठलाही विभाग नसला तरीही. तिथला प्लेअर इकडे आणायचा तर मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाचा. ‘१००–२४०’ असेल तर नुसता प्लग बदला. ‘१२०’ एवढंच असेल तर थेट आपल्या २३० व्होल्टला लावल्यास जळेल.

घरातल्या जुन्या डिस्क लावताना आणखी दोन गोष्टी. व्हीसीडी सगळे ब्लू-रे प्लेअर घेत नाहीत. मॅन्युअलमधल्या यादीत ‘व्हिडिओ सीडी’ असं लिहिलंय का ते बघा. आणि घेतलीच तर ३५२×२८८ बिंदूंचं चित्र ५५ इंची टीव्हीवर धूसरच दिसणार, त्यात प्लेअरचा काही दोष नाही. जुन्या ४:३ चित्रात माणसं आडवी फुगलेली दिसत असतील तर ‘डीव्हीडी अ‍ॅस्पेक्ट रेशो’ मध्ये ‘ओरिजिनल’ किंवा ‘फिक्स्ड’ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, नवरा-नवरी मूळ आकारात दिसतील.

पेनड्राइव्हवरून बघणाऱ्यांसाठी: एफएटी३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे एनटीएफएस किंवा एक्सएफएटी प्लेअरला चालतं का ते आधी तपासा. मराठी सबटायटल्सची गंमत अशी, की डिस्कवरची सबटायटल्स ही अक्षरं नसून चित्रं असतात, त्यामुळे देवनागरी जोडाक्षरं सुबक येतात. पेनड्राइव्हवरची एसआरटी फाइल मात्र प्लेअरने स्वतःच्या फाँटमधून लिहायची असते, आणि बऱ्याच प्लेअरमध्ये देवनागरी फाँट नसल्याने ओळीऐवजी चौकोनांची रांग दिसते. सबटायटल्स चित्रातच छापून घेतलेली फाइल वापरणं हा त्यावरचा खात्रीचा उपाय. सिनेमा वीसेक मिनिटं चालल्यावर अचानक आवाज बंद होऊन संदेश आला, तर तो सिनेव्हिया. नक्कल ओळखण्यासाठी आवाजातच विणलेली खूण, आणि २०१२ पासूनच्या नव्या प्लेअरना ती ओळखणं बंधनकारक आहे.

जुना प्लेअर विकत घेताना

आता निवड आटत चालली आहे. ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंग २०१९ मध्ये बाहेर पडला, २०२४ च्या शेवटी एलजी. गेम कन्सोल हा एक मार्ग आहे, पण त्याच्या मर्यादा माहीत हव्यात. प्लेस्टेशन ५ चं डिस्कचं मॉडेल अल्ट्रा एचडी वाजवतं; डॉल्बी व्हिजन नाही, थ्रीडी नाही आणि साधी गाण्यांची सीडीसुद्धा नाही. प्लेस्टेशन ४ अल्ट्रा एचडी घेत नाही, प्रो मॉडेलही नाही.

म्हणून वापरलेला प्लेअर घ्यायची वेळ येतेच. जाताना तीन डिस्क न्या: एक सीडी, एक डीव्हीडी, एक दोन थरांची ब्लू-रे. आत तीन लेझर असतात, त्यामुळे सीडी आणि डीव्हीडी छान वाजून ब्लू-रे ‘नो डिस्क’ म्हणत असेल तर जांभळा लेझर थकला आहे. तो बदलायचा म्हणजे पिकअपचा (लेझर आणि भिंगाचा) अख्खा भाग बदलणं, आणि त्याचा खर्च अनेकदा प्लेअरच्या किमतीला टेकतो. ब्लू-रे चालली तर बरोबर मधल्या चॅप्टरवर उडी मारा, म्हणजे कडेचा भाग आणि थर बदलणं दोन्ही तपासलं जाईल. ट्रे चार-पाच वेळा उघडून बघा. कुरकुरत अर्ध्यावर अडकत असेल तर आतला रबरी पट्टा सैल झालाय. तो स्वस्त आहे आणि त्यावरून भाव पाडता येतो.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात पडून राहिलेला प्लेअर असेल तर भिंगावर ओल धरलेली असू शकते. डिस्क न घालता अर्धा-एक तास नुसता चालू ठेवा, आतल्या उबेने ओल उडते, मग तपासा. ब्रश लावलेल्या लेन्स क्लीनर डिस्कच्या वाटेला जाऊ नका. ब्लू-रेचं भिंग डिस्कच्या फार जवळ तरंगत असतं, ब्रशचा फटका त्याला जागेवरून हलवू शकतो.

आणि रिमोट मागून घ्या, मूळचाच. पुढच्या पट्टीवर बहुधा पॉवर आणि ट्रे अशी दोनच बटणं असतात. टीव्हीच्या रिमोटने बाण आणि ‘ओके’ चालतात, पण ‘पॉप-अप मेन्यू’ आणि ‘ऑप्शन्स’ची बटणं बऱ्याच टीव्ही रिमोटवर नसतात, आणि वर सांगितलेली निम्मी सेटिंग त्यांच्याविना हाताला लागत नाहीत. रिमोट हरवला म्हणणाऱ्याकडून त्याची किंमत वळती करून घ्या.